क्लोझापिन मराठवाड्यात वापरायचं तर: गोळीला जवळपास पैकीच्या पैकी, भोवतालच्या व्यवस्थेला जेमतेम पास

स्किझोफ्रेनियाची दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही कानातले आवाज आणि संशय हटत नसतील, तर त्याच जातीचं तिसरं, चौथं, पाचवं औषध बदलून पाहण्यात फारसा अर्थ उरत नाही. तिथून पुढे उपयोग होतो असं संशोधनाच्या आधारावर ठामपणे सांगता येणारं औषध एकच आहे, क्लोझापिन. पेटंट कधीच संपलंय, भारतात बऱ्याच कंपन्या ते बनवतात. २५, ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. एवढं असूनही ते रुग्णापर्यंत उशिरा पोचतं आणि पोचलं तरी अर्धवट वापरलं जातं. हे परीक्षण म्हणून गोळीचं आहेच, पण त्याहून जास्त ती गोळी काय काय मागते याचं आहे. ती मागते रक्त, पोटाची चौकशी, बिडीचा हिशेब आणि वर्षभराचं कॅलेंडर.

औषधाचा इतिहास वाकडातिकडा आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात, वांडर कंपनीत ते तयार झालं. अंग आखडणं, हात थरथरणं हे तेव्हाच्या औषधांचे ठरलेले त्रास या गोळीने होत नव्हते, आणि त्रास नाही म्हणजे गुणही नसेल असं तेव्हाच्या बऱ्याच तज्ज्ञांना वाटायचं! १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी कोसळून आठ रुग्ण दगावले आणि बहुतेक देशांनी औषध बाजूला ठेवलं. १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात २६८ रुग्ण होते, आधीच्या किमान तीन औषधांना दाद न दिलेले. त्यांना सहा आठवडे एक तर क्लोझापिन दिलं किंवा क्लोरप्रोमाझिन हे जुनं औषध. क्लोझापिनवर ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनवर ४ टक्के. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, दर आठवड्याला रक्त तपासण्याच्या अटीवर अमेरिकेने परवानगी दिली. २००३ मध्ये ९८० रुग्णांचा, दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आत्महत्येचे प्रयत्न ओलान्झापिन या दुसऱ्या औषधापेक्षा क्लोझापिनवर कमी आढळले. स्किझोफ्रेनियात आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी अमेरिकेत याच एका औषधाला मान्यता आहे.

३० टक्के हा आकडा नीट वाचायला हवा. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत तो ४० टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे निम्म्याहून जास्त रुग्णांना पुरेसा गुण येत नाही. ही जादूची गोळी नाही. पण समोरची दुसरी बाजू ४ टक्क्यांची आहे, हे विसरलं की डॉक्टर आणि घरचे दोघेही उगाच थांबून राहतात. लंडनमधल्या एका अभ्यासात क्लोझापिन सुरू व्हायला सरासरी सुमारे चार वर्षांचा उशीर झालेला दिसला, आणि तिथे तर दारात परिचारिका येते. आपल्याकडे देवऋषी, उतारे, मग जिल्ह्याच्या गावचा एक डॉक्टर, मग सोलापूरचा दुसरा, अशी वर्षं जातात.

औषध कोणाला द्यायचं याचा निकष सोपा आहे, पाळला मात्र जात नाही. दोन वेगवेगळी औषधं, प्रत्येक किमान सहा आठवडे, भरपूर मात्रेत. भरपूर म्हणजे रिस्पेरिडोन ४ ते ६ मिलिग्रॅम, ओलान्झापिन १५ ते २० मिलिग्रॅम. रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅम तीन आठवडे दिलं आणि ‘लागू पडलं नाही’ म्हणून सोडलं, तर ती एक संधी वाया गेली असं धरावं, मोजू नये. त्याच्याही आधी बघायचं ते म्हणजे गोळी पोटात जात होती का. बाप दर महिन्याला येऊन गोळ्या घेऊन जातो आणि पोरगा त्या गोठ्यामागे फेकतो, हा प्रकार सर्रास आहे. अशा रुग्णाला क्लोझापिन नको, आधी फ्लुफेनाझिन डेकॅनोएटसारखं लांब टिकणारं इंजेक्शन द्यावं. सुई डॉक्टरांसमोर टोचली जाते, त्यामुळे औषध गेलं की नाही हा वादच मिटतो. इंजेक्शन नियमित घेऊनही आवाज चालूच राहिले तर आजार खरोखर हट्टी आहे.

सुरुवात कुठे करायची? ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यांतलं मराठवाड्यात एकही नाही. पण छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि शक्य असेल तर पहिले दोन-तीन आठवडे तिथे भरती होऊन काढलेले बरे. बाह्यरुग्ण विभागातूनही सुरू करता येतं, फक्त घरात रोज नाडी-ताप बघणारं एक शहाणं माणूस हवं. आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), वजन, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, उपाशीपोटी साखर, चरबी, यकृताच्या तपासण्या आणि ईसीजी. ट्रोपोनिन आणि सीआरपी (हृदयाच्या स्नायूची इजा आणि अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) जमलं तर उत्तम.

पहिल्या रात्री १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ ची अर्धी गोळी. मग हळूहळू. पाश्चात्त्य पुस्तकांत दोन आठवड्यांत ३०० पर्यंत नेण्याचा तक्ता असतो. तो आपल्या माणसांना डोळे झाकून लावू नये. आशियाई वंशाच्या लोकांच्या यकृतात हे औषध सावकाश जळतं, त्यामुळे निम्म्या मात्रेतही रक्तातली पातळी तेवढीच भरते. २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत धूम्रपान न करणाऱ्या आशियाई स्त्रीला दिवसाला साधारण १७५ आणि धूम्रपान करणाऱ्या पुरुषाला साधारण ३०० मिलिग्रॅम अशी मात्रा दिली आहे. घाईने मात्रा चढवली की उभं राहिल्यावर चक्कर, दिवसभर गुंगी आणि हृदयाच्या स्नायूला सूज यायचा धोका वाढतो. ६०० च्या वर फिट येण्याची शक्यताही बरीच वाढते. विहिरीचा कठडा, ट्रॅक्टर, कडबा कुट्टी यांपासून पहिले काही महिने लांबच ठेवावं. पुरेशी मात्रा गाठल्यावर निदान तीन महिने थांबल्याशिवाय ‘गुण नाही’ म्हणायचं नाही.

रक्ताचं भय आणि रक्ताचा हिशेब

क्लोझापिनचं नाव काढलं की सगळे पांढऱ्या पेशींचं बोलतात. धोका खरा आहे. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गंभीर पातळीपर्यंत घसरण्याचं प्रमाण शंभरात एकाहून किंचित कमी, आणि त्यातून मृत्यू दहा हजारांत एक-दोन. बहुतेक प्रसंग पहिल्या १८ आठवड्यांत घडतात. म्हणून ब्रिटनची पद्धत अशी: पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, वर्ष संपेपर्यंत पंधरवड्याला, नंतर दर चार आठवड्यांनी. पहिल्या वर्षाचं गणित ३५ तपासण्यांचं होतं. अमेरिकेने आपली सक्तीची नोंदणी योजना २०२५ मध्ये गुंडाळली, कारण तिच्या जाचामुळे औषध ज्यांना हवं त्यांनाच मिळेनासं झालं होतं. तपासणी करावी ही शिफारस मात्र कायम आहे. आपल्याकडे ब्रिटनसारखी रिपोर्ट आला नाही तर गोळीच न देणारी व्यवस्था नाही. इथे चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला पट्टी देतो. त्यामुळे लक्ष ठेवण्याची सगळी जबाबदारी डॉक्टर आणि घरच्यांवर येते. आमच्या मते पहिल्या १८ आठवड्यांत एकही तपासणी सोडू नये. दुसऱ्या वर्षानंतर एखादा महिना चुकला म्हणून गोळी बंद करणं हे चुकण्यापेक्षा जास्त घातक.

तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी सहज होते, त्यासाठी जिल्ह्याला जायचं कारण नाही. रिपोर्टवर पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिलचे टक्के असतात, पण आपल्याला हवी ती एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या, बहुधा छापलेली नसते. ती काढायची: एकूण पांढऱ्या पेशी ४,२०० आणि न्यूट्रोफिल ४५ टक्के, तर ४,२०० गुणिले ४५ भागिले १००, म्हणजे १,८९०. ब्रिटिश पद्धतीत २,००० च्या वर निवांत, १,५०० ते २,००० मध्ये आठवड्यातून दोनदा तपासणी, १,५०० च्या खाली गोळी बंद. अमेरिकेने २०१५ पासून सर्वसाधारण रुग्णांसाठी थांबण्याची रेषा १,००० वर आणली आहे. कोणती पद्धत पाळायची ते पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून ठेवावं, नाहीतर डॉक्टर बदलला की नियम बदलतो.

एक बारकावा फार थोड्या ठिकाणी पाळला जातो. न्यूट्रोफिल सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त भरतात. पहाटेच्या एसटीने येऊन सकाळी आठला दिलेल्या रक्तात आकडा किंचित कमी आला, तर लगेच औषध तोडू नका. थोडं चालवून दुपारी पुन्हा नमुना घ्या. अशा सकाळच्या आकड्यांपायी चांगलं चाललेलं औषध बंद पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. डेंग्यूत पांढऱ्या पेशी मुळातच उतरतात. ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले की त्याच दिवशी सीबीसी करायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. पेशी पडल्या असतील तर कारण डेंग्यू का क्लोझापिन हे नंतर ठरवता येतं, गोळी मात्र आधी थांबते. पहिल्या महिन्यातला ताप, धडधड, छातीत दुखणं, दम लागणं याकडे हृदयाच्या स्नायूची सूज म्हणून बघायचं. ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसते. त्या वेळी ट्रोपोनिन आणि सीआरपी लागतं, आणि ते जिल्ह्याच्या गावीच होतं.

खरा मारेकरी पोटात बसलेला

या औषधाच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक इथे होते. रक्तावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं जातं आणि पोट साफ होतं का, हे कोणी विचारतच नाही. क्लोझापिन घेणाऱ्या तिघांतल्या जवळपास एकाला बद्धकोष्ठ होतं. न्यूझीलंडमधल्या अभ्यासात क्लोझापिनवरच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकायला इतर औषधांवरच्या रुग्णांपेक्षा चौपटीहून जास्त वेळ लागलेला आढळला. आतडं अडलं, फुगलं, सडलं तर माणूस वाचणं अवघड असतं. अशा गंभीर झालेल्या प्रसंगांत मृत्यूचं प्रमाण रक्तातल्या बिघाडापेक्षा कितीतरी जास्त आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला.

‘पोट साफ होतं का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘होतंय की.’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. विचारायचं असं: ‘मामा, शेवटचं कधी झालं? आज, काल, का परवा? खडा पडतो का?’ रुग्णाला स्वतःला त्रास जाणवेलच असंही नाही. दोन दिवस झालं नाही तर पोट साफ करणारं औषध वाढवायचं, तीन दिवस झालं नाही आणि पोट दुखतंय, फुगलंय किंवा उलटी होतेय तर थेट दवाखाना. सर्जनला पहिलं वाक्य हेच सांगायचं की रुग्ण क्लोझापिनवर आहे.

गावाकडे हमखास इसबगोल देतात. इथे तो नको. आतडं मुळात संथ झालेलं, त्यात फुगणारा चोथा भरून ठेवला तर तो पुढे सरकत नाही. लागतात ती आतड्याला ढकलणारी औषधं, म्हणजे सेना (आपली सोनामुखी) किंवा बायसॅकोडिल, आणि सोबत मळ मऊ ठेवणारं डॉक्युसेट, लॅक्टुलोज किंवा मॅक्रोगॉल. त्रास सुरू होण्याची वाट न बघता क्लोझापिनसोबतच ती सुरू केलेली चांगली. एप्रिल-मे मध्ये, टँकरवर पाणी आलं की घरातला आजारी माणूस सगळ्यात कमी पाणी पितो. तेव्हा या पोटाच्या औषधांची मात्रा जपून ठरवावी लागते.

आणि ट्रायहेक्सिफेनिडिल! मानसोपचाराच्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर ही गोळी सवयीने असते. आधीच्या औषधांनी अंग आखडायचं म्हणून ती लागायची. क्लोझापिनवर ती बहुतेकांना लागत नाही आणि बद्धकोष्ठ मात्र दुप्पट जोराने वाढवते. जुनी चिठ्ठी तशीच पुढे चालू ठेवणं हा निव्वळ आळस आहे. ती हळूहळू कमी करून काढता येते, पण हे मनाने करू नये.

बिडीचा हिशेब

यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर क्लोझापिन जाळतं. बिडी-सिगारेटचा धूर त्या विकराला चेतवतो, म्हणून ओढणाऱ्याला मात्रा जास्त लागते. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे, तंबाखू-चुना किंवा मिश्रीने तो होत नाही. आता नेहमीचा प्रसंग बघा. दिवसाला एक कट्टा बिडी ओढणारा माणूस वॉर्डात भरती झाला, बिडी बंद झाली आणि तिथे २०० मिलिग्रॅमवर छान सुधारला. घरी गेला, पारावर बसला, बिडी पुन्हा पेटली. पंधरा-वीस दिवसांत रक्तातली पातळी उतरते आणि आवाज परत येतात. घरचे म्हणतात, औषधाचा गुण संपला. उलटं झालं तर जास्त वाईट: बाहेर ४०० वर असलेला माणूस एकदम बिडी सोडून तंबाखू मळायला लागला, तर आठवड्याभरात पातळी निम्म्याने वा त्याहूनही वर चढते. गुंगी, लाळ, तोल जाणं आणि फिट. बिडी सुटणार असेल तर पहिल्याच आठवड्यात मात्रा पाव हिश्शाने कमी करावी लागते. बिडी सोडू नका असं कोणी म्हणत नाही, फक्त सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

तेच विकर सिप्रोफ्लॉक्सासिन अडवतं. जुलाब, लघवीची आग, टायफॉइडचा संशय, काहीही असो, खेड्यातल्या दवाखान्यात ही गोळी पटकन मिळते आणि क्लोझापिनची पातळी विषारी होण्याइतकी वाढू शकते. मोठा ताप किंवा न्यूमोनिया यांमुळेही पातळी चढते. फिटसाठी कार्बामाझेपिन चालत नाही, ते अस्थिमज्जेवर घाव घालतं. पातळी मोजायची सोय बाहेरगावच्या मोठ्या लॅबकडे नमुना पाठवून होते. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, मिलिलिटरला ३५० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर औषधाला न्याय मिळाला असं समजायचं.

लाळेबद्दल थोडक्यात. रात्री उशी भिजते. डोकं उंच ठेवणं आणि टॉवेल हा पहिला इलाज, काही तज्ज्ञ डोळ्यात घालायचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब जिभेखाली द्यायला सांगतात. वजन आणि साखर वाढते. पहिल्या सहा महिन्यांत दर महिन्याला वजन करावं, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी लवकर सुरू केली तर फायदा होतो.

टोळी निघाल्यावर काय?

बीड, जालना, परभणीच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता नवरा-बायकोचा. पाच-सहा महिने घर बंद. क्लोझापिनच्या दृष्टीने हा वर्षातला सगळ्यात नाजूक काळ. गोळी ४८ तासांहून जास्त चुकली, तर जुन्या मात्रेवर परत उडी मारायची नाही, पुन्हा १२.५ पासूनच सुरू करायचं, नाहीतर रक्तदाब कोसळतो. आणि एकदम बंद झाली तर आजार आधीपेक्षा जोराने उसळतो, घाम, उलट्या, झोप उडणं हे वेगळंच. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या १८ आठवड्यांत हंगाम येत असेल तर औषध एप्रिलनंतर सुरू करा, किंवा रुग्णाला आणि एका जबाबदार माणसाला गावात ठेवा. जुन्या रुग्णाने कारखान्याजवळच्या तालुक्यात दर महिन्याला सीबीसी करून रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवला तरी काम भागतं. गोळ्यांचा साठा दोन ठिकाणी ठेवा. पालाला आग लागते, पिशवी हरवते.

गुणांकन करायचंच तर गोळीला पाचापैकी साडेचार, अर्धा गुण पोटासाठी कापला. तालुक्याच्या लॅबना चार, स्वस्त आणि जवळ. शासकीय मानसोपचार विभागांना साडेतीन, तिथे औषध सुरू करण्याची हातोटी आहे, पण घरी गेल्यावर पाठपुरावा रुग्णाच्याच पायावर सोडलेला. खेड्यातल्या जनरल प्रॅक्टिसला दीड, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि इसबगोलसाठी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-बेरात्री सल्ल्याला बरा आहे आणि मराठीत बोलता येतं, पण मात्रा ठरवायला तो वापरू नये.

खिशात एक कार्ड हवंच, जाड पुठ्ठ्याचं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. त्यावर लिहायचं: क्लोझापिन, रोजची मात्रा, सुरू केल्याची तारीख, शेवटची एएनसी आणि तिची तारीख, बिडी चालू का बंद. खाली तीन ओळी मराठीत: ताप आल्यास त्याच दिवशी सीबीसी. तीन दिवस शौच नाही तर दवाखाना. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कार्बामाझेपिन देऊ नये. मागच्या बाजूला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन.